कॅसिमिरच्या वळणावरचं दार

पैज लागली ती मिली चोचीच्या ओट्यावर, भर दुपारी, आणि पैजेचा विषय होता एमिल.

एमिल म्हणजे तिचा नवरा. वारला त्याला अकरा वर्षं झाली होती. पण आमच्या सहा नंबरच्या वस्तीत मेलेल्या माणसाला भूत म्हणायची पद्धत नाही. कोळशाच्या खाणीने इतकी माणसं खाल्लीत की कुणाकुणाला भूत म्हणत बसणार. आम्ही म्हणतो, "तो अजून येऊन-जाऊन असतो." तसा एमिल येऊन-जाऊन होता. आणि तो यायचा-जायचा गाडीने.

गाडी हिरवी, दोन दारांची, सहासष्ट सालची, बिनछपराची. कॅसिमिरच्या वळणावर, म्हणजे जिथे रस्ता खाणीच्या काळ्या ढिगाला वळसा घालून सेंट कॅसिमिरच्या कबरस्तानाला घासून जातो तिथे, तिचं उजवं दार आपोआप उघडायचं. कडी वाजायची, दार फूटभर बाहेर जायचं, वळण संपलं की परत आपटायचं. दर वेळी. मिली चोची तिथे वेग कमी करायची. अख्ख्या वस्तीला माहीत होतं, एमिल उतरतोय.

चोची म्हणजे पोलिश लोकांत मावशी. ती माझी कुणीच लागत नाही, पण एकाहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं मिली म्हणायची हिंमत आमच्या गल्लीत कुणात नाही.

"स्टिकर देत नाही म्हणतो," ती म्हणाली. पेनसिल्व्हेनियात दर वर्षी गाडी तपासून घ्यावी लागते, त्याचं हे स्टिकर. "म्हणतो, बाई, खालून गाडी शिल्लकच नाही."

"वरूनही नाही," स्टुश म्हणाला. स्टुश शेजारच्या दारात राहतो आणि स्वतःच्या ओट्यावर कधी बसत नाही, कारण तिथे बिअर फुकट मिळत नाही.

"आणि स्टिकर नाही तर परेड नाही. फायर कंपनीवाले कळवून गेले." फायर कंपनी म्हणजे आमचं आग विझवणारं दल, आणि त्यांच्या दर वर्षीच्या परेडला चोचीची गाडी सगळ्यात पुढे.

"माझ्याकडे आण, चोची," मी म्हणालो. माझं गाड्यांच्या पत्र्याचं काम. ठोकणं, जोडणं, रंगवणं. "परेडला तीन आठवडे आहेत. खालून अशी कडक करून देतो की तो तपासणारा स्वतः येऊन चुंबन देईल."

"तुला की गाडीला?" स्टुश.

"कडक केलीस तर दाराचं काय होईल?" चोचीने विचारलं.

"लागलं की लागलेलंच राहील."

"मग एमिल?"

"चोची, दार एमिल उघडत नाही. गाडी पिळते म्हणून उघडतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यभर या वस्तीची टोपी उडवलीय. फादर डोमिनिकच्या कबुलीच्या खोक्यात जिवंत कोंबडी ठेवलीय, स्टुशच्या कवळीला हिरवा रंग दिलाय. त्यामुळे मी खरं बोलतो तेव्हा लोक आधी खिसे चाचपतात.

"पैज," ती म्हणाली. "तू काय वाटेल ते जोड. परेडच्या सकाळी कॅसिमिरच्या वळणावर दार उघडणार."

"नाही उघडणार."

"हरेल त्याने ते डोक्यावर घ्यायचं," स्टुशने बाटलीने अंगणाकडे दाखवलं. तिथे सशांच्या खुराड्यावर गाडीचं मूळ हिरवं छप्पर होतं, चारी खांब कापलेलं. "आणि परेडच्या शेवटी चालायचं. त्याआधी माइकवर सांगायचं, का हरलो ते."

"मी म्हातारी बाई. मी हरले तर माझ्या वतीने स्टुश उचलेल."

"मी का?"

"कारण तू माझी बिअर पितोस."

स्टुशने बाटली खाली ठेवली, विचार केला, परत उचलली. पैज ठरली.

मी हसत घरी गेलो. जिना चढेपर्यंत हसू पुरलं नाही.

कारण ते छप्पर मी कापलंय. एकतीस वर्षांपूर्वी. परेडमध्ये फायर चीफला गाडीत उभं राहून हात हलवता येत नाही अशी एमिलची तक्रार होती. मी तेवीस वर्षांचा, हातात नवी करवत. म्हटलं, कापून टाकू. वीस मिनिटांत छप्पर गवतावर होतं आणि आम्ही दोघं त्यावर बसून बिअर पीत होतो.

आता बुटांचं खोकं घ्या. झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. या गाडीला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचं खोकं हाच सांगाडा. छप्पर काढलं तर खालून दोन नळ्या, दोन पट्ट्या टाकून ते परत ताठ करावं लागतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. एमिल म्हणाला, "परेड उद्या आहे." मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात टाकू." पुढचा आठवडा वीस वर्षं आला नाही. तोवर गंज खालून आपलं काम करत राहिला.

मग एका रविवारी स्टुशच्या पोरीच्या लग्नाहून परत येताना, एमिलला चढलेली म्हणून चोची चालवत होती. एरवी त्या उजव्या सीटवर कुणी बसत नसे. कॅसिमिरच्या वळणावर दार उघडलं आणि एमिल रस्त्यावर पडला. सीटचे पट्टे त्याने केव्हाच कापून कुत्र्याला बांधायला नेले होते.

वस्ती म्हणाली, पिऊन चालत्या गाडीतून उतरला. मी त्या आठवड्यात गाडी जाऊन बघितली. दाराची फट वर नखभर, खाली बोटभर. गाडी मधोमध बसली होती, जुन्या खाटेसारखी. मला तिथेच कळलं. मी तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं एमिलच्या येण्या-जाण्याचे सगळ्यात जास्त विनोद मीच केले.

म्हणजे पैज जिंकायची तर मला दाखवून द्यायचं होतं की दार गाडीनेच उघडलं होतं. आणि गाडी तशी केली कुणी, ते छप्पर अंगणात हिरवं हिरवं पडलेलंच होतं.

सोमवारी चोची गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आली. मी तिला म्हटलं, घरी जा. ती खुर्ची ओढून बसली.

"बघणार."

"काय बघणार? पत्रा आहे."

"तू लबाड आहेस म्हणून बघणार."

मी सीट काढली, गालिचा काढला. सीटखालून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचे कागद निघाले, मूठभर. एमिल खाणीत असल्यापासून घशासाठी त्या चघळायचा. त्याच्या जवळ उभं राहिलं की तोच वास. कागद अकरा वर्षं जुने, आणि वास कालचा. मी ते कचऱ्यात टाकायला निघालो तर चोचीने हात पुढे केला. एकेक कागद सरळ करून तिने पर्समध्ये ठेवला.

मग मी छोटा जॅक आणला.

"इकडे बघ, चोची. मी दाराला हात लावत नाही."

दार नीट लावलं. जॅक उजव्या मागच्या कोपऱ्याखाली घातला आणि दांडा हलवायला लागलो. कोपरा चढायला लागला. पुढचं चाक जमिनीला चिकटून झोपलेलं, त्याला पत्ताच नाही. पत्रा कण्हला. दाराची फट वाकडी झाली. अजून चार दांडे, आणि कडी वाजली. तोच आवाज. दार फूटभर बाहेर आलं आणि थांबलं.

चोची खुर्चीवरून उठली. "परत कर."

मी जॅक सोडला, दार लावलं, परत केलं. कडी वाजली.

"परत."

सहा वेळा केलं. सहाव्यांदा ती दारापाशी गुडघ्यांवर बसली होती, कडीला नाक लावून.

"आम्ही भांडत होतो," ती कडीला म्हणाली. मला नाही. "लग्नात तो माझ्या बहिणीला काहीतरी बोलला म्हणून. कबरस्तानाच्या आधी त्याने बाहेरून दारावर दोनदा ठोकलं. तुला माहीत आहे ना, कसा ठोकायचा?"

मला माहीत होतं. कुणाच्याही गाडीत बसला तरी उतरायचं असलं की एमिल तोंडाने सांगत नसे. हात बाहेर काढून पत्र्यावर दोनदा टकटक. थांबव, उतरतो.

"मी थांबवली नाही. म्हटलं, बस तसाच. उलट जोरात घेतली. आणि दार उघडलं." ती उठली. "अकरा वर्षं मला वाटतंय, त्याने उघडलं. माझ्याजवळ बसण्यापेक्षा रस्ता बरा वाटला त्याला. आणि मी रोज तिथे वेग कमी करते, म्हणजे आता तरी नीट उतरेल."

मी काहीतरी विनोद शोधला. माझ्याकडे नेहमी एखादा असतो.

"त्याने नाही उघडलं, चोची," मी म्हणालो. "गाडीने उघडलं. खाली नळ्या घालायच्या राहिल्या होत्या. छप्पर मी कापलं, आणि नळ्या मी घातल्या नाहीत. त्या आठवड्यात मी येऊन बघून गेलो होतो. मला तेव्हाच कळलं."

तिने पर्स उचलली.

"पैज पैज आहे," ती दारातून म्हणाली. "आणि त्या सकाळी उजव्या सीटवर तू बसायचंस."

पुढचे अठरा दिवस मी आयुष्यात केलं नाही असं काम केलं. वाकडी गाडी तशीच जोडली तर वाकडेपणाच पक्का होतो. आमच्याकडचे निम्मे लोक हीच चूक करतात, घाईघाईने वेल्ड मारतात आणि दार जन्मभर खांद्याने ढकलतात. मी आधी मधोमध जॅक लावून, रोज केसभर, गाडी वर आणली. दाराची फट वर-खाली एकसारखी झाली तेव्हा दाराच्या पोकळीत आडव्या सळ्या टाकून ती धरून ठेवली. मग दाराखालचा पोकळ पत्रा कापला. आम्ही त्याला उंबरठा म्हणतो. आतून गंजाचा चहाच्या भुकटीसारखा ढीग बाहेर सांडला. आत जाड पट्टी घातली. पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत दोन चौकोनी नळ्या नेल्या, मध्ये फुलीसारख्या आडव्या पट्ट्या जोडल्या. वेल्ड बोटभर इथे, बोटभर तिथे, उष्णतेने पत्रा ओढला जाऊ नये म्हणून.

ताजा वेल्ड थंड होताना टिकटिकतो. ते मला माहीत आहे, तीस वर्षं ऐकतोय. कधी पाच वेळा, कधी अकरा, कधी सलग. या गाडीत उजव्या उंबरठ्यातून दोनदा यायचा. टक टक. मग गप्प. मी दिवसभर काम न करता बसलो तरी चारच्या सुमाराला यायचा. पत्रा हाताला गार, आणि टक टक.

मी रेडिओ मोठा केला. मग रेडिओच्या दोन गाण्यांच्या मधे यायला लागला.

एकदा स्टुश आत आला, दारात थांबला आणि नाक वर केलं. "गोळ्या कोण चघळतंय?"

"तुझी बायको," मी म्हणालो.

तो हसला नाही. बिअरही न मागता निघून गेला. स्टुशला मी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने जाताना बघितलं.

शेवटच्या दिवशी जॅक परत मागच्या कोपऱ्याखाली घातला. मागचं चाक उठलं आणि त्याच्याबरोबर पुढचंही उठलं, एका झटक्यात, फळी उचलावी तसं. पुढच्या पत्र्यावर बिअरचा भरलेला ग्लास ठेवला होता, तो काठापर्यंत आला पण सांडला नाही. दार एका बोटाने उघडलं, एका बोटाने लागलं. नवे पट्टे बसवले. तपासणाऱ्याने गाडीखाली झोपून सगळं बघितलं, बाहेर येऊन स्टिकर चिकटवलं. चुंबन दिलं नाही.

परेडच्या सकाळी नऊ वाजता चोची माझ्या दारात. डोक्याला रुमाल, ओठांना लाली. मी उजव्या सीटवर बसलो. पट्टा इतक्या प्रेमाने मी पोटावर कधी आवळला नव्हता.

"घाबरलास?"

"माझंच काम आहे, चोची."

"म्हणून विचारलं."

तिने काळ्या ढिगापासून वेग घेतला. तीस मैल, पस्तीस, चाळीस. एमिलच्या दिवशी किती होता, मी विचारलं नाही. कबरस्तानाचं कुंपण आलं. वळणात शिरताना ती पहिल्यांदाच हळू झाली नाही. मी दाराकडे बघत होतो, कुशीत साप असावा तसा. गाडी झुकली, एकसंध झुकली, कुठे कण्हली नाही. फट नखभर होती, नखभरच राहिली.

वळण मागे पडलं. दार लागलेलं होतं. मी जिंकलो होतो.

वेग कमी झाला. आणि माझ्या उजव्या कोपराजवळ, दाराच्या बाहेरून, टक टक.

"वेल्ड थंड होतोय," मी म्हणालो.

"कधी मारलास?"

"मंगळवारी."

त्या दिवशी शनिवार होता.

"जरा सरक," ती म्हणाली, समोर बघत. "तुझ्या मांडीवर बसलाय."

मला हसायचं होतं. पण सीटची स्प्रिंग खाली गेली. मी हललो नव्हतो. ती खाली गेली, जशी दुसरं माणूस शेजारी टेकल्यावर जाते, आणि तो वास आला, नाकाला झोंबेल इतका.

"आता कसा उतरणार तो?" चोचीचा आवाज बारीक झाला होता. "दार तू बंद केलंस. याला घरी नेऊ? मी याला अकरा वर्षं शिव्या घातल्यात, बर्नी. मला टाकून गेला म्हणून. मी आता कुठल्या तोंडाने बघू याच्याकडे?"

परत टक टक. घाई नव्हती त्यात. एमिलला कधीच घाई नसायची.

"मागे घे, चोची," मी म्हणालो.

"काय?"

"वळणावर मागे घे. आणि थांबव. त्या दिवशी थांबवली नव्हतीस."

तिने गाडी उलटी घेतली, रडत, एका हाताने, कुंपणाला घासेल इतकी जवळ. कबरस्तानाच्या फाटकासमोर थांबवली. हँडब्रेक ओढला. मी पट्टा सोडला, कडी दाबली आणि दार उघडलं. पूर्ण उघडलं. लोंबलं नाही, करकरलं नाही. मी पाय आत ओढून घेतले आणि सीटला चिकटून बसलो, वाट दिली.

स्प्रिंग वर आली.

चोची फाटकाकडे बघत होती. तिला काय दिसलं मला माहीत नाही. मला गवत दिसलं, थोडं वाकलेलं. वारा असेल. "आम्ही भांडलो होतो ते काही नाही, एमिल," ती म्हणाली. "ती माझी बहीण आहेच तशी."

वास गेला. मी एका बोटाने दार लावलं.

तिने नाक पुसलं, आरशात लाली बघितली.

"दार उघडलं," ती म्हणाली.

"हो."

"वळणावर."

"हो."

"मग हरलास तू."

"हरलो, चोची."

दुपारी फायर हॉलसमोर अख्खी वस्ती जमली होती. बटाट्याच्या ब्लिनी, म्हणजे धिरडी, तळण्याचा धूर, बँडवाले पितळ पुसतायत, पोरं परेडच्या ट्रकवरून उधळतात त्या गोळ्यांसाठी पिशव्या घेऊन कडेला बसलेली. स्टुशने माइक माझ्या हातात दिला आणि कानात म्हणाला, "मी वाचलो. देव तुझं भलं करो."

"मी पैज हरलो," मी म्हणालो. लोक आधीच हसायला लागले. "कॅसिमिरच्या वळणावर दार उघडलं. आज मी उघडलं. अकरा वर्षांपूर्वी एमिलने नव्हतं उघडलं."

कुणीतरी ओरडलं, "कोंबडी कुठाय?" परत हशा.

मी थांबलो. हशा संपायला माझ्या बाबतीत वेळ लागतो. "तो पिऊन उतरला असं आपण म्हणत आलो. तो उतरला नव्हता. गाडी पिळली आणि दार सुटलं. गाडी पिळली कारण तिचं छप्पर मी कापलं, आणि खालून काहीच घातलं नाही. मला हे तेव्हापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही."

लोक अजून शेवटच्या विनोदाची वाट बघत होते. मी माइक परत दिला तेव्हा त्यांना कळलं की विनोद नाही. ब्लिनीच्या कढईचा आवाज तेवढा राहिला. चोची हिरव्या गाडीत ताठ बसली होती, समोर बघत. फादर डोमिनिकने हातातली टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

स्टुशने आणि दोन फायरवाल्यांनी छप्पर उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं. सशांचा वास आत तसाच होता. कापलेल्या खांबांच्या कडा खांद्यात रुतत होत्या. त्या कडांवर माझ्या करवतीच्या वेड्यावाकड्या खुणा होत्या. बँड सुरू झाला. सगळ्यात पुढे चोचीची गाडी, मागच्या सीटवर चीफ उभा राहून हात हलवतोय, दारं घट्ट. मधे सगळी परेड, आणि सगळ्यात शेवटी मी. मला फक्त माझे बूट आणि रस्ता दिसत होता.

पहिल्या चौकात लोक नुसते बाजूला सरकत गेले. मग एक बाई हसली, चांगलं हसली, आणि मग पोरं. ट्रकवरून उधळलेल्या गोळ्या छपरावर पडायला लागल्या, गारा पडाव्या तशा. लोक ओरडत होते, "बर्नी, पाऊस लागतोय का रे?" मी आतून ओरडलो, "गळतंय." मानेत कळ येत होती आणि मला बरं वाटत होतं.

बँकेच्या कोपऱ्यावर गोळ्या थांबल्या. ट्रक पुढे निघून गेले होते, कडेची पोरंही त्यांच्यामागे पळाली होती. माझ्याजवळ कुणी नव्हतं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर, पत्र्यावर, कुणीतरी दोनदा ठोकलं.

मी छप्पर उचलून बघितलं नाही. थांबलो. भर रस्त्यात, छपरासकट, एमिलला उतरायला लागतो तितका वेळ.